प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही? तीच फाइल पुन्हा चालवण्याआधी हे बघा

ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, बसला नाही की बहुतेक ऑफिसांत एकच उपाय होतो. तीच सेटअप फाइल पुन्हा चालवायची, नाही झालं तर आणखी एकदा चालवायची, आणि तरी नाही तर गूगलवर जी पहिली साइट दिसेल तिथली फाइल टाकायची. मग यादीत एकाच प्रिंटरची तीन-चार नावं दिसायला लागतात, कुणाला ‘कॉपी १’ लागलेलं, कुणाला ‘कॉपी २’, आणि मूळ दोष कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही.

मी नाशिकमध्ये छोट्या ऑफिसांच्या संगणकांची देखभाल बघते. शरणपूर रोड आणि कॅनडा कॉर्नरकडची सीएंची ऑफिसं, सीबीएसजवळचे वकील, द्वारकेचे ट्रान्सपोर्टवाले, सातपूर-अंबडचे लहान कारखाने, आणि हंगामात ओझर-पिंपळगावकडची द्राक्षांची पॅकहाउसं. यातल्या कुणाकडेच प्रिंटरवर घालवायला वेळ नसतो. ११ आणि २० तारखेला जीएसटी रिटर्नची घाई, सप्टेंबरअखेर ऑडिटची घाई, ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी तर ई-वे बिलाच्या कागदासाठी दारातच उभी असते. म्हणून कळकळीने सांगते, नवी फाइल टाकण्याआधी गाडं कुठे अडलंय ते शोधा, आणि जुनं पूर्ण काढल्याशिवाय नवं टाकू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी एवढ्यावर सुटतात.

ड्रायव्हर बसतो तेव्हा चार गोष्टी एकापाठोपाठ होतात. विंडोजला यंत्र दिसतं. विंडोज ड्रायव्हरची फाइल तपासून आपल्या साठ्यात घेतं. स्पूलर, म्हणजे छापायची कामं सांभाळणारी विंडोजची सेवा, त्या ड्रायव्हरवर प्रिंटरची रांग तयार करतो; यादीत दिसणारं प्रिंटरचं नाव म्हणजे ही रांग. शेवटी त्या रांगेला पोर्ट, म्हणजे यंत्राकडे जायची वाट, जोडला जातो. अडचण या चारांपैकी कुठल्या तरी एका जागी असते. म्हणून स्क्रीनवर जो संदेश येईल तो ‘ओके’ दाबून घालवू नका. मोबाइलवर त्याचा पूर्ण फोटो काढा, खालच्या कोडसकट. फोनवर ‘एरर येतोय’ एवढंच सांगितलं तर माझ्यासारखीला काहीच कळत नाही. कोडचे शेवटचे दोन-तीन आकडे सांगितले तर निम्मं निदान जागेवर बसून होतं.

विंडोजला यंत्र दिसतंय का

यूएसबी प्रिंटर चालू करून केबल लावा आणि कान द्या. ‘टुंग’ असा आवाज आला पाहिजे. मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’खाली ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ अशी ओळ दिसली तर केबल आणि सॉकेट ठीक आहे. ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासकट प्रिंटरचं नाव दिसलं तर यंत्र पोचलंय, ड्रायव्हर मिळालेला नाही. यातलं काहीच दिसलं नाही तर ड्रायव्हरच्या नादी लागूच नका. केबल बदला, यूएसबी हब काढून थेट संगणकाच्या मागच्या सॉकेटला लावा. पुढच्या पॅनेलची सॉकेटं वापरून वापरून सैल झालेली असतात.

बऱ्याच लेझर प्रिंटरांचं सेटअप मध्येच थांबून ‘आता केबल लावा’ म्हणतं. कॅननचा एलबीपी २९०० इकडे अजून टेबलाटेबलावर आहे, त्याचंही असंच. केबल आधीच लावून ठेवली की विंडोज स्वतःच घाईघाईने काहीतरी जोडून टाकतं आणि सेटअप त्या पडद्यावर वाट बघत बसतं. केबल काढून ठेवा, सेटअप म्हणेल तेव्हाच लावा.

आता एक प्रकार असा, की ड्रायव्हर जागेवर असतो आणि लोक म्हणतात तो उडाला. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, ओझरकडच्या एका पॅकहाउसमधून फोन आला: ‘ताई, लेबल प्रिंटरचा ड्रायव्हरच उडालाय, कंटेनर भरायचाय.’ अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट पद्धतीत पेटीवरून थेट बागेपर्यंत माग लागावा लागतो, त्यामुळे लेबलाशिवाय पेटी हलत नाही. मुलांनी ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिला होता, तरी लेबल निघत नव्हतं. झालं होतं एवढंच, की सकाळी टेबल पुसताना केबल निघाली आणि परत लावताना शेजारच्या सॉकेटमध्ये गेली. काही प्रिंटरांना विंडोज सॉकेटवरून ओळखतं. सॉकेट बदललं की ते नवा पोर्ट आणि ‘कॉपी १’ नावाची नवी रांग तयार करतं. लेबलचं सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाकडे पाठवत राहतं आणि तिथे ‘ऑफलाइन’ दिसतं.

याला ड्रायव्हर लागत नाही. जुन्या नावाच्या प्रिंटरवर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘पोर्ट्स’वर जा. यूएसबी००१, यूएसबी००२ अशी यादी असते आणि त्यातल्या एकासमोर टिक असते. ‘कॉपी १’ला जो पोर्ट लागलाय त्यावर टिक करा, ‘अप्लाय’ दाबा, मग ‘कॉपी १’ काढून टाका. तिथे तेवढंच केलं आणि रांगेत अडकलेली लेबलं आपणहून बाहेर आली. त्या सॉकेटवर मी लाल टेप लावून ठेवली. ज्या टेबलावर रोज पुसापुशी होते तिथे टेप लावाच.

फाइल बरोबर आहे का

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. तिथे ‘सिस्टिम टाइप’समोर ६४ बिट की ३२ बिट ते लिहिलेलं असतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे जुन्या सीडीतला ३२ बिटचा ड्रायव्हर त्यावर बसणार नाही, कितीही वेळा टाका. तिथेच ‘एआरएम’ असं दिसलं, म्हणजे स्नॅपड्रॅगनचा नवा लॅपटॉप असला, तर प्रिंटरच्या कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर दिलाय का ते आधी बघा. नेहमीचा चालत नाही. आणि ‘एस मोड’ असेल तर स्टोअरबाहेरची कुठलीच सेटअप फाइल उघडणार नाही. एस मोडमधून बाहेर पडता येतं, फुकट, पण परत जाता येत नाही.

ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात हिशेबाच्या मुलीने अशाच पानावरचा ‘हेल्पलाइन’ नंबर फिरवला. समोरच्याने स्क्रीन दुरून चालवायचं ॲप टाकायला लावलं, प्रिंटरला व्हायरस आहे म्हणाला आणि दुरुस्तीचे पैसे मागितले. तिने वेळीच फोन ठेवला म्हणून बरं. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवा, उशीर करू नका.

कंपनीच्या साइटवर बहुधा दोन फाइली असतात, एक ‘फुल’ आणि एक ‘बेसिक’. मी नेहमी बेसिक घेते. फुलमध्ये स्कॅनची, शाई विकायची, खाती उघडायची सॉफ्टवेअरं असतात आणि ती बसताना अडकली की दोष ड्रायव्हरवर येतो. स्कॅनर असलेलं यंत्र असेल तर स्कॅनचा ड्रायव्हर नंतर वेगळा टाकता येतो.

यंत्राचा नक्की मॉडेल कळत नसेल, स्टिकर पुसला गेला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या ‘डिटेल्स’खाली ‘हार्डवेअर आयडीज’ बघा. त्यात ‘व्हीआयडी’नंतर येणारा कोड कंपनी सांगतो: ०३एफ० म्हणजे एचपी, ०४ए९ कॅनन, ०४बी८ एप्सन, ०४एफ९ ब्रदर.

‘थर्ड पार्टी आयएनएफमध्ये डिजिटल सही नाही’ किंवा ‘कॅटलॉगमध्ये फाइलचा हॅश नाही’ असा संदेश आला तर फाइल अर्धवट उतरलीय, कुणीतरी तिच्यात हात घातलाय किंवा ड्रायव्हरच सही नसलेला आहे. युट्यूबवर विंडोजची सही-तपासणी बंद करायचे व्हिडिओ आहेत. हिशेब आणि ग्राहकांचे पॅन क्रमांक असलेल्या संगणकावर ते अजिबात करू नका. फाइल पुसा, मूळ साइटवरून पुन्हा उतरवा.

इथे एक गोष्ट खास आपल्याकडची. बऱ्याच ऑफिसांत विंडोजचं खातं उघडताना नाव मराठीत लिहिलेलं असतं, मग सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’मध्ये देवनागरी नावाचा फोल्डर तयार होतो. नव्या सॉफ्टवेअरांना त्याचं काही वाटत नाही. जुने इन्स्टॉलर मात्र आपल्या तात्पुरत्या फाइली त्याच फोल्डरच्या पोटात उलगडतात आणि तो रस्ता त्यांना वाचता येत नाही. सेटअप सुरू होतं, एक क्षण दिसतं आणि कुठलाही संदेश न देता नाहीसं होतं. असं घडलं तर रोमन लिपीतल्या साध्या नावाचं एक ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, सेटअप सी ड्राइव्हवरच एका छोट्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या खात्यातून चालवा. यूएसबीचा प्रिंटर एकदा बसला की तो सगळ्या खात्यांना दिसतो. घाईत केलेलं ‘नवीन फोल्डर’ या नावाचं फोल्डरही अशी अडचण करू शकतं.

जुनं मुळासकट कसं काढायचं

यादीतून ‘रिमूव्ह’ केलं की ड्रायव्हर गेला असं लोकांना वाटतं. जाते ती फक्त रांग. ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी विंडोज तोच, बिघडलेला, काढून लावतं. दहा वेळा टाकूनही फरक का पडत नाही त्याचं उत्तर हे आहे. क्रम मोडू नका.

केबल काढा. प्रिंटरच्या यादीतून त्या यंत्राची सगळी नावं काढा. ‘ॲप्स’मध्ये जाऊन कंपनीचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. ‘प्रिंट क्यूज’खाली त्याच प्रिंटरच्या फिकट झालेल्या नोंदी दिसतील, त्याही काढा.

आता स्पूलर. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’वर राइट क्लिक करून ‘स्टॉप’ करा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या वाटेने आत जा. विंडोज परवानगी मागेल, ‘कंटिन्यू’ म्हणा. आतल्या फाइली पुसा, ‘प्रिंटर्स’ फोल्डर स्वतः पुसू नका. एसपीएल आणि एसएचडी अशा शेवटांच्या जोड्या असतात. एकीत छापायचा मजकूर, दुसरीत त्या कामाचा तपशील. एखादी बिघडलेली जोडी तिथे राहिली तर स्पूलर सुरू होताच पुन्हा कोसळतो आणि चांगला ड्रायव्हरही बसत नाही. एक लक्षात घ्या, रांगेत दुसऱ्या कुणाची कामं असतील तीही यात जातात, आधी सगळ्यांना विचारून घ्या. फाइली गेल्या की स्पूलर ‘स्टार्ट’ करा.

त्यानंतर विंडोजची कळ आणि ‘आर’ दाबून रन उघडा. तिथे रोमनमध्ये ‘प्रिंटयूआय’ (printui) लिहा, मोकळी जागा, स्लॅश एस, मोकळी जागा, स्लॅश टी आणि २. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’चा ड्रायव्हर्सचा पडदा उघडेल. संगणकात आजवर टाकलेला प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर इथे सापडतो, विकून टाकलेल्या प्रिंटरांचेसुद्धा. आपला निवडा, ‘रिमूव्ह’ दाबा आणि दोन पर्यायांतला दुसरा घ्या, ‘ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज’. पहिला घेतलात तर साठ्यातली प्रत तशीच राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. ‘ड्रायव्हर वापरात आहे’ असं आलं तर स्पूलर बंद-चालू करून लगेच पुन्हा काढा.

शेवटी संगणक ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं वेगळं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर त्यात विंडोजचा गाभा झोपतो आणि तसाच उठतो. रीस्टार्टनंतर सेटअप फाइलवर राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’.

एवढं करूनही बसला नाही तर विंडोजलाच विचारा. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात आयएनएफ नावाचा फोल्डर, आणि त्यात ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह’ नावाची लॉग फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, अगदी तळाला जा आणि वरच्या दिशेने तीन उद्गारचिन्हं शोधा. एक चिन्ह म्हणजे इशारा, तीन म्हणजे चूक. त्या ओळीत कुठली फाइल सापडली नाही, कुठली सही पटली नाही, कुठे परवानगी नाकारली ते स्पष्ट लिहिलेलं असतं. फाइल भलीमोठी असते म्हणून लोक बिचकतात, पण तळाच्या शे-दोनशे ओळींतच बहुधा उत्तर मिळतं. एकदा अँटिव्हायरसने ड्रायव्हरची एक फाइल परस्पर अडकवून ठेवल्याचं मला इथूनच कळलं होतं.

दुसऱ्याच्या संगणकावरचा प्रिंटर

शेअरिंगवर टाकलेल्या प्रिंटरांचा त्रास २०२१पासून वाढला. त्या वर्षी स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली गंभीर त्रुटी निघाली. ऑगस्टच्या अपडेटपासून नेटवर्कवरून ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागायला लागली. ‘या प्रिंटरवर विश्वास आहे का’ अशी खिडकी येऊन गाडं अडतं ते त्यामुळे. ॲडमिनच्या पासवर्डने पुढे जा.

कोडच्या शेवटी ११बी असेल तर ते सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतरचं प्रकरण आहे. दोन संगणकांतली एक बाजू अपडेट झालेली, दुसरी नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, एक आकडा शून्य करून हा कोड घालवतात, सगळे तेच सुचवतात. मी ते करत नाही, कारण त्या अपडेटने जी सुरक्षा आली होती तीच त्यासरशी बंद होते. दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करा. मध्ये टॅलीचा सर्व्हर म्हणून एखादा विंडोज ७चा जुना डबा असतो. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, त्याला हे अपडेट मिळणारच नाहीत. तिथे प्रिंटर त्याच्यावरून काढून नव्या संगणकाला लावा.

७०९ हा कोड विंडोज ११ आणि जुना संगणक यांच्यात जास्त दिसतो, कारण ११च्या २२एच२ आवृत्तीपासून दोघांची बोलायची पद्धत बदलली. बिनधोक वाट अशी: आपल्याच संगणकावर आधी तो ड्रायव्हर टाका. मग ‘ॲड प्रिंटर’मध्ये हाताने जोडायचा पर्याय घ्या, ‘लोकल पोर्ट’ तयार करा आणि पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या तिरप्या रेघा, त्या संगणकाचं नाव, एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा. शेअरचं नाव छोटं, रोमन आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा.

लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या, केबलची जागा असलेला प्रिंटर असेल तर शेअरिंगची ही कटकट कशाला? थेट राउटरला लावा आणि राउटरमध्येच त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करा. विंडोज बऱ्याचदा आपणहून ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट लावतं आणि तो अधूनमधून हरवतो. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी’ पोर्ट घ्या. प्रिंट निघतोय तरी ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक काढा.

बसला, पण छापतोय भलतंच

पानाच्या माथ्यावर एकच विचित्र ओळ, मग कोरं पान, पुन्हा एक ओळ, असा कागदांचा ढीग येत असेल तर ड्रायव्हर बसलाय, पण या यंत्राला न कळणाऱ्या दुसऱ्याच प्रिंटर-भाषेचा. नाव मिळतंजुळतं म्हणून शेजारच्या मॉडेलचा घेतलेला असतो. ताबडतोब ट्रे ओढून कागद थांबवा, रांग रिकामी करा, नेमक्या मॉडेलचा टाका.

द्वारकेकडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत बिल्टी, म्हणजे मालाची पावती, डॉट मॅट्रिक्सवरच निघते, कारण तीन प्रतींच्या कागदावर कार्बन उमटायला ठोका लागतो. तिथे ड्रायव्हर सापडला नाही की ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ लावतात. इंग्रजी बिलाला ते छान आणि वेगवान चालतं. पण तो ड्रायव्हर साधी अक्षरंच पाठवतो, त्यामुळे मराठी नावं आणि लोगो उमटत नाहीत. बिलावर मराठी हवं असेल तर यंत्राचा स्वतःचा ड्रायव्हर लागेल, किंवा ते एप्सनची ईएससी-पी भाषा समजत असेल तर एप्सनच्या तशाच मॉडेलचा.

विंडोज ११च्या २४एच२मध्ये ‘प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाची सोय आलीय. ती चालू केली की कंपन्यांचे ड्रायव्हर निघून जातात आणि फक्त विंडोजच्या स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर उरतात. जुना लेझर एकाएकी यादीतून गेला असेल तर कुणी ती सोय चालू केलीय का ते ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये बघा.

सगळं जमलं की टेस्ट पेज काढा आणि फेकू नका. त्यावर ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती आणि पोर्ट छापलेला असतो. त्याच्या मागे प्रिंटरचा आयपी लिहा, चाललेली सेटअप फाइल डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा, तिची जागाही त्याच कागदावर लिहा आणि तो कागद प्रिंटरच्या वॉरंटीच्या फाइलला लावून टाका.